दिंडीचा संसार : वारीच्या व्यवस्थेचा एक पाठ



ज्येष्ठाचे वारे वाहू लागले की वारकऱ्याचे पाय घरात ठरत नाहीत. पेरणीची घाई, लेकीबाळींचे येणेजाणे, सोसायटीचे कर्ज हे सारे एकीकडे आणि पंढरीची वाट एकीकडे. या दिवसांत गावोगावची तरुण मंडळी भेटतात आणि विचारतात, "महाराज, यंदा आमच्या गावची स्वतंत्र दिंडी काढायची आहे. वीणेकरी आहे, मृदंगी आहे, पताका शिवून झाल्या. आता आणखी काय लागेल?"

प्रश्न साधा दिसतो, पण उत्तर साधे नाही. वीणा, मृदंग आणि पताका ही दिंडीची शोभा. पण दिंडी म्हणजे चालता संसार. घरी पाच माणसांचा संसार चालविताना आपली तारांबळ उडते. येथे दोनशे माणसे, रोज नवे गाव, डोक्यावर पाऊस, आणि चूल मात्र वेळेवर पेटली पाहिजे. म्हणून या महिन्याच्या पाठात अभंगाचे निरूपण नाही. दिंडीच्या व्यवस्थेचाच विचार करू. बहुतेक दाखले माउलींच्या सोहळ्यातले घेतले आहेत, कारण ती वाट आमच्या पायाखालची आहे. देहूची, पैठणची, त्र्यंबकेश्वरची किंवा मुक्ताईनगरची वाट चालणाऱ्यांनी त्यात आपापल्या मुक्कामांची नावे घालून वाचावे.

एक शंका आणि तिचे समाधान

कोणी म्हणेल, "विठोबा सगळे पाहून घेतो. तांदूळ किती न् पाणी किती, हा हिशेब परमार्थात कशाला?"

या शंकेचे समाधान आपल्या परंपरेनेच करून ठेवले आहे. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा घातली. पुढे १८३२ च्या सुमारास हैबतबाबा आरफळकर यांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र सुरू केला. हैबतबाबा काही केवळ टाळ घेऊन निघाले नाहीत. शिंदेशाहीत चाकरी केलेला तो माणूस, लष्कराचा तळ कसा पडतो आणि कसा उठतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे, तंबू व नैवेद्याची सोय त्यांनी मिळविली. दिंड्यांना क्रम लावला. रथापुढे कोण, रथामागे कोण, हे ठरवून दिले. आजही रथापुढे २७ दिंड्या चालतात आणि मागे त्याहून कितीतरी अधिक. पण कोणाची जागा कोणती यावरून रोज भांडण होत नाही. महाद्वारातल्या हैबतबाबांच्या पायरीला आपण मस्तक टेकवितो, ते त्यांच्या भक्तीला आणि या व्यवस्थेलाही. शिस्त ही भक्तीची वैरीण नव्हे, ती तिची दासी आहे.

त्यांनी घालून दिलेल्या तीन गोष्टी मोठमोठ्या सभांच्या व्यवस्थापकांनीही शिकाव्या अशा आहेत.

पहिली गोष्ट तीन कर्ण्यांची. पहाटे पहिला कर्णा झाला की उठून आवरायचे. दुसरा झाला की सामान बांधून सिद्ध व्हायचे. तिसरा झाला की चालू लागायचे. कोणी कोणाला हाका मारीत हिंडत नाही.

दुसरी गोष्ट समाजआरतीची. मुक्कामावर सर्व दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. चोपदारांनी चोप उंच केला की लाखोंच्या मेळ्यात शांतता पसरते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात आणि तेथल्या तेथे निवाडा होतो. तक्रार करायची जागा ठरलेली, वेळ ठरलेली आणि ऐकणारा माणूसही ठरलेला. म्हणून तक्रार दिवसभर मनात कुजत नाही.

तिसरी गोष्ट, त्याच वेळी सापडलेल्या वस्तू आणि उद्याच्या निघण्याची वेळ पुकारली जाते. एकच जागा, एकच आवाज, आणि सर्वांना एकच खबर.

या तीन गोष्टी ज्याने आपल्या छोट्या दिंडीत उतरविल्या, त्याची निम्मी व्यवस्था झाली.

तयारी कधीपासून?

आषाढी आली की मग धावपळ, ही आपली जुनी खोड. खरे तर पाडव्याला नवे पंचांग हाती आले की लगेच बसावे. देहूचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य सप्तमीचे आणि आळंदीचे अष्टमीचे, हे ठरलेलेच आहे. पण इंग्रजी तारीख दरवर्षी हलते. २०२३ साली आषाढी एकादशी २९ जूनला आली, तर २०२१ साली २० जुलैला. हा फरक नुसत्या तारखेचा नाही. जूनच्या वारीत ऊन आणि धूळ फार, टँकरची चणचण. जुलैच्या उत्तरार्धातल्या वारीत चिखल, ओले सरपण आणि ताप-खोकला. एका वर्षीची यादी पुढच्या वर्षी जशीच्या तशी चालत नाही ती यामुळे. शिवाय तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली की एखादा मुक्काम कमीजास्त होतो. सोहळ्याचे वेळापत्रक प्रसिद्ध झाल्यावर त्यावरून पुन्हा एकदा हात फिरवावा.

चैत्रात नावनोंदणी आणि भिशी ठरवावी. वैशाखात एका जाणत्या माणसाने दोन तरुण सोबत घेऊन सारी वाट पाहून यावी. राहुट्या कोणाच्या शेतात पडणार, पाणी कोठे मिळणार, ट्रक आत शिरतो की रस्त्यावरच थांबतो, हे डोळ्यांनी पाहावे. पालखीमार्गाच्या रुंदीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. तेव्हापासून पुष्कळ जुन्या खुणा बदलल्या आहेत. ज्या वडाखाली आजोबा विसावत, तो वड तेथे असेलच असे नाही. गेल्या वर्षीच्या आठवणीवर यंदाचा मुक्काम बांधू नये.

शेतकऱ्याची परवानगी आधी घ्यावी. दिवस पेरणीचे असतात. आपण माळकरी, पण म्हणून दुसऱ्याचे उगवते रान तुडविण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

अन्नाचा हिशेब

चालणाऱ्या माणसाला घरच्यापेक्षा अधिक भूक लागते. आमच्या दिंडीचा अनुभव असा की एका माणसाला एका जेवणास पीठ १५० ग्रॅम, तांदूळ ७५ ग्रॅम आणि डाळ ४० ग्रॅम धरले तर उणे पडत नाही आणि उकिरड्यावरही जात नाही. दोनशे माणसांना एका वेळेस ३० किलो पीठ, १५ किलो तांदूळ आणि ८ किलो डाळ झाली. दोन्ही वेळचे मिळून रोज ६० किलो पीठ, ३० किलो तांदूळ, १६ किलो डाळ. अठरा दिवसांचे पीठ एक टनाच्या वर जाते.

एवढे सगळे पहिल्याच दिवशी ट्रकमध्ये भरू नये. पावसाळी हवेत पिठाला जाळी धरते, ते कडू होते. चार-पाच दिवसांचे घेऊन निघावे आणि सासवड, फलटण, नातेपुते अशा मोठ्या गावी पुन्हा भरावे. वाटेत अन्नदाते भेटतात. पुण्यात तर एकेका दिंडीला चारचार आमंत्रणे असतात. तीही आधी लिहून घ्यावीत. नाही तर आपला स्वयंपाक तयार, आणि मंडळी दुसऱ्याच्या पंगतीला. शिजविलेले अन्न टाकणे हा वारीतला मोठा दोष होय.

वरणभात दुपारचा उरला तर रात्री वाढू नये, हा नियम कडक पाळावा. आचाऱ्याला वाईट वाटले तरी चालेल. ज्या आचाऱ्याला जुलाब होत असतील त्याला विश्रांती द्यावी आणि चुलीपासून दूर ठेवावे. पंगतीआधी हात धुण्यास साबण आणि पाणी वाटेवरच ठेवावे, म्हणजे शोधावे लागत नाही.

प्रत्येकाने आपले ताट व तांब्या आणावा. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आली. पण बंदी नसती तरी ज्या गावाने आपल्याला रात्रभर जागा दिली त्याच्या शेतात कचऱ्याचा ढीग सोडून पुढे जाणे वारकऱ्याला शोभत नाही. मुक्काम सोडताना शेवटचे चार जण फक्त जागा झाडण्यासाठी मागे राहतील, असे आधीच ठरवावे.

पाणी आणि स्वच्छता

दोनशे माणसांना पिण्यास दरडोई चार लिटर म्हणजे ८०० लिटर. स्वयंपाक आणि भांडी यांस १,२०० लिटर. स्नान व धुणे मिळून ३,००० लिटर. एकूण रोजचे ५,००० लिटर, म्हणजे मध्यम टँकरभर पाणी. पिण्याचे पाणी आणि वापरायचे पाणी यांची पिंपे वेगळी, झाकणे वेगळी आणि तोट्याही वेगळ्या असाव्यात. पिंपात तांब्या बुडवू देऊ नये.

टँकरचे पाणी कोठून भरले ते विचारावे. शंका असल्यास स्वच्छ दिसणाऱ्या दर हजार लिटर पाण्यास ताजी ब्लीचिंग पावडर अडीच ग्रॅम, म्हणजे ५,००० लिटरच्या टँकरला साडेबारा ग्रॅम. ती आधी बादलीत कालवावी, साका खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे आणि एक तास थांबून मगच ते पाणी प्यावे. गढूळ पाणी आधी निवळून घ्यावे. गढूळपणात औषध वाया जाते.

जुन्या लोकांना आठवते, एके काळी यात्रा आणि पटकी यांची नावे जोडीनेच घेतली जात. पटकीची लस टोचून घेतल्यावाचून यात्रेला सोडत नसत. वाटेवर माणसे गेली, ती काही पायांच्या थकव्याने गेली नाहीत, ती दूषित पाण्याने गेली. आज तो काळ राहिला नाही, पण जंतू तेच आहेत. कोणास जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजीत राहावे आणि वैद्यकीय पथकाकडे न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, हे दिंडीतल्या प्रत्येकास पाठ असावे.

आता एक नाजूक विषय, पण बोलले पाहिजे. पुरुष उघड्यावर कोठेही जातात. बाया काय करतात, हे आपण किती वर्षे विचारलेच नाही. त्या पाणी पीतच नाहीत. सकाळी अंधारात एकदा, आणि मग थेट रात्री. मध्यंतरी ऊन, चाल, डोक्यावर तुळस. मग चक्कर येते, लघवीला जळजळ होते, आणि आपण म्हणतो, "आजीला ऊन लागले." ऊन लागले खरे, पण पाणी आपण तोडले. आता मार्गावर फिरती शौचालये असतात, ही मोठी सोय झाली. तरी दिंडीप्रमुखाने मुक्कामाला पोहोचताच पहिला प्रश्न तोच विचारावा, "बायांची सोय कोठे आणि तेथे दिवा आहे का?" वीस माणसांमागे एक असा हिशेब धरला तर दोनशेंना दहा लागतात. त्यांत बायांसाठी निदान सहा असावीत. चर खणायचाच झाला तर विहिरीपासून व पाण्याच्या साठ्यापासून निदान शंभर फूट दूर, आणि रोज माती लोटावी. स्नानासाठी कनातीचा आडोसा ट्रकमध्ये सर्वांत वर ठेवावा, तळाशी नव्हे. पहाटे तोच आधी लागतो.

दिवेघाटाचा दिवस

या वाटेवरचा सर्वांत अवघड दिवस पुणे ते सासवड. अंतर ३० किलोमीटरांच्या आसपास, त्यात दिवेघाटाची चढण, आणि बहुधा एकादशी. म्हणजे सर्वांत मोठी चाल आणि पोटात अन्न नाही. या दिवशी ज्याची व्यवस्था चुकली त्याचे पितळ उघडे पडते. आमचे पडले आहे, ते येथे लपवीत नाही.

२०१६ सालची गोष्ट. सामानाची जबाबदारी माझ्याकडे होती. पहाटे ट्रक निघायचा होता. पण भगरीची दोन पोती यायची राहिली होती. दुकानदार म्हणे अर्ध्या तासात येतात. अर्ध्याचा एक झाला, एकाचे तीन. मी मोहात पडलो, ट्रक थांबवून ठेवला. पोती आली तेव्हा नऊ वाजून गेले होते. घाट वाहनांना बंद झाला होता. उशीर झालेल्या गाडीला बोपदेव घाटाने नाही तर कात्रज-कापूरहोळ असा वळसा पडतो, आणि त्या वाटाही त्या दिवशी तुंबलेल्या असतात. ट्रक सासवडला पोहोचला रात्री अकरा वाजता.

आमची माणसे संध्याकाळपासून ठरलेल्या शेतात बसून होती. राहुटी नाही, कोरडे पांघरूण नाही, फराळ नाही. वरून पावसाची भुरभुर. शेजारच्या दिंडीने बोलाविले तसे पुष्कळ जण त्यांच्या तंबूत गेले. आमच्या गावची एक म्हातारी मात्र गेली नाही. "आपली माणसं येतील, मी इथंच बसते, नाही तर चुकामूक व्हायची," म्हणाली. मी पोहोचलो तेव्हा ती तुळशीचे वृंदावन पदराखाली झाकून थरथरत बसली होती. अंगात ताप. शेजारच्या दिंडीच्या जीपमधून तिला दवाखान्यात नेले. दोन दिवसांनी बरे वाटले, पण डॉक्टरांनी चालू दिले नाही. एसटीने घरी पाठवावे लागले.

पंचवीस वर्षांची तिची नेमाची वारी. ती माझ्या दोन पोत्यांपायी चुकली.

स्टँडवर तिला बसवून दिले तेव्हा ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "बाळा, गाडी उशिरा यायची हे तुला सकाळीच ठावं होतं ना? मग सांगायचंस. मी चार शेंगदाणे आन् एक घोंगडी पाठीला मारली असती."

मी त्या वाक्यावर फार विचार केला आहे. गाडी उशिरा आली, ही चूक झाली. पण माणसांना सांगितले नाही, ती मोठी चूक. खबर असेल तर माणूस आपली सोय आपण करतो. खबर नसली की तो आपल्या भरवशावर उघड्यात बसून राहतो. जितका भरवसा अधिक, तितका फटका अधिक. पुढच्या वर्षी ती आली नाही. गुडघे गेले होते. त्यापुढे कधीच आली नाही.

तेव्हापासून आमच्या दिंडीत चार नियम झाले.

१. दिवेघाटाच्या दिवशी ट्रक पहाटे तीनला सुटतो. जे आले नाही ते राहिले. भगर सासवडलाही मिळते.

२. त्या दिवशी प्रत्येकाच्या झोळीत राजगिऱ्याचे दोन लाडू, मूठभर शेंगदाणे, पाण्याची बाटली आणि प्लॅस्टिकचे इरले असते. ते ट्रकमध्ये ठेवू देत नाही.

३. दोन तरुण ट्रकबरोबर न जाता सर्वांत आधी पायी पुढे जातात आणि जागा धरतात. ट्रक पोहोचला की नाही, हे ते मागे कळवितात.

४. रोज पहाटे, दुपारच्या विसाव्याला आणि रात्रीच्या आरतीनंतर ट्रक, टँकर आणि मुक्काम यांची खबर मोठ्याने पुकारली जाते. खबर वाईट असली तर ती आधी पुकारायची.

माणूस हरवू नये म्हणून

फोन सर्वांकडे आहेत, पण लाखोंच्या मेळ्यात ते लागत नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसांच्या फोनची बॅटरी दुपारीच संपते. म्हणून दहा माणसांवर एक नाईक नेमावा. नाइकाने आपले दहा जण दिवसातून तीनदा मोजावेत : निघताना, विसाव्याला आणि मुक्कामावर. दोनशे माणसे एकट्या दिंडीप्रमुखाला मोजता येत नाहीत, पण दहा माणसे कोणालाही मोजता येतात. प्रत्येकाच्या गळ्यात किंवा खिशात कागद असावा. त्यावर नाव, गाव, दिंडीचा क्रमांक, रथापुढे की रथामागे, प्रमुखाचा व घरचा फोन आणि चालू असलेली औषधे लिहावीत. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा, नाही तर पहिल्याच पावसात शाई जाते.

चाल सर्वांत हळू माणसाच्या पायाने ठरवावी. एकटा माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो. भजन करीत चालणारी दिंडी तीन चालली तरी पुष्कळ. वेळेचा हिशेब तीनचाच धरावा. सर्वांत मागे एक जाणता माणूस ठेवावा. त्याच्या मागे आपले कोणी राहू नये, एवढेच त्याचे काम.

वाहनाच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालावे. नोव्हेंबर २०१९ मध्ये पंढरपूरहून आळंदीला निघालेल्या संत नामदेवरायांच्या दिंडीत दिवेघाटात एक अवजड यंत्र शिरले आणि नामदेवरायांच्या वंशजांपैकी एक महाराज व आणखी एक वारकरी जागीच गेले. आषाढीच्या वाटेवर बंदोबस्त असतो. कार्तिकीच्या आणि परतीच्या वाटेवर तो तेवढा नसतो. तेथे दिंडीच्या पुढे व मागे लाल झेंडेवाले आणि अंधारात दिवे हवेतच.

गर्दीचे शास्त्र

रिंगण, नीरास्नान, वाखरी आणि पंढरीतली एकादशी, ही गर्दीची ठिकाणे. गर्दीत माणसे पायाखाली तुडवली जातात असे आपण म्हणतो. पुष्कळदा ती उभ्याउभ्याच दाबली जातात आणि श्वास कोंडतो. एका चौरस मीटरात चार माणसे असली तोवर माणूस आपल्या मनाने हलू शकतो. सहा-सात झाली की मग गर्दीच त्याला हलविते. तेव्हा छातीपुढे दोन्ही हात घेऊन श्वासापुरती जागा धरावी, पडलेली वस्तू उचलण्यास वाकू नये, प्रवाहाला छेद न देता तिरपे तिरपे कडेला निघावे, आणि मूल खांद्यावर घ्यावे.

२७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यात अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या डोंगरावर शेकडो माणसे गेली. वाट चिंचोळी, चढ उभा आणि पायऱ्या नारळाच्या पाण्याने निसरड्या. दोन्हीकडे भक्ती कमी नव्हती, वाट कमी होती. म्हणून आपल्या दिंडीने नियम करावा : जाण्याची वाट आणि येण्याची वाट वेगळी, म्हातारी माणसे व लेकरे कडेने, आणि पुढे अडले की मागच्यांनी ढकलायचे नाही, थांबायचे. उभे रिंगण चांदोबाच्या लिंबापाशी असो की गोल रिंगण बाजीरावाच्या विहिरीपाशी, अश्वाची वाट मोकळी ठेवावी. टापांखालची माती कपाळी लावण्याची घाई अश्व पुढे गेल्यावरही करता येते.

पंढरीत सर्वांनाच गाभाऱ्यातले दर्शन होणार नाही, हे आधीच मंडळींना सांगून ठेवावे. दर्शनबारीत तासन्‌तास, कधी दिवसभरही, उभे राहावे लागते. ज्यांना झेपत नाही त्यांनी कळसाचे दर्शन घ्यावे. कळसदर्शन ही आपल्याकडे जुनी रीत आहे, कोणी मनाची समजूत म्हणून काढलेली पळवाट नव्हे.

पैशाचा हिशेब

भिशी घेतली त्याची पावती द्यावी. अन्नदान मिळाले ते वहीत उतरावे. गोपाळपुरी पौर्णिमेचा काला झाला, की निघण्याआधी सर्वांसमोर जमाखर्च वाचावा. उरले तर पुढच्या वर्षाच्या ताडपत्रीला, कमी पडले तर तेही तेथेच सांगावे. दिंड्या पावसाने मोडत नाहीत, न वाचलेल्या हिशेबाने मोडतात. ज्याला भिशी परवडत नाही त्याचे नाव वहीत इतरांसारखेच लिहावे, पुढे आकडा लिहू नये. पंगतीत तो कोठे बसला हे कोणाला कळता कामा नये.

समारोप

२०२० आणि २०२१ साली करोनाच्या साथीमुळे पायी सोहळा झाला नाही. पादुका एसटीने पंढरीस गेल्या. वाटेवरची गावे सुनी राहिली. २०२२ साली पुन्हा वाट भरली तेव्हा पुष्कळांच्या डोळ्यांना पाणी आले. दोन वर्षांत आपल्याला कळले की वारी ही आपोआप घडणारी गोष्ट नव्हे. ती दरवर्षी कोणीतरी घडवितो, आणि तो कोणीतरी बहुधा पंगतीच्या शेवटी जेवतो.

व्यवस्थेत राबणाऱ्यांना एक रुखरुख असते. "आमचे भजन राहिले, कीर्तन राहिले, आम्ही नुसते टँकरमागे धावलो." बाबांनो, तहानलेल्याच्या ओंजळीत पाणी घालताना तोंडाने नाम घेण्यास कोणी अडविले आहे? हात पिंपाच्या तोटीवर आणि नाम जिभेवर, अशी सेवा ज्याला साधली त्याचे काही राहिले नाही.

आमच्या गावची ती आजी आता घराबाहेर पडत नाही. दरवर्षी प्रस्थानाच्या आधी मी तिच्या पाया पडून येतो. ती आशीर्वाद देते आणि विचारते, "गाडी किती वाजता सुटणार?" मी सांगतो, "तीनला, आजी." मग ती मान हलविते.

मनन करण्यासाठी प्रश्न

(मंडळींनी एकत्र बसून यांची उत्तरे वहीत लिहावीत.)

१. आपल्या दिंडीत तक्रार कोणाकडे, कोठे आणि कोणत्या वेळी करायची, हे सर्वांत नव्या वारकऱ्याला ठाऊक आहे काय?

२. ट्रक सहा तास उशिरा आला तर आपल्या माणसांच्या झोळीत काय असेल?

३. आपल्या दिंडीतल्या बाया दिवसातून किती वेळा पाणी पितात? हे त्यांनाच विचारले आहे काय?

४. सर्वांत मागे कोण चालतो? त्याचे नाव सांगता येईल काय?

५. मुक्काम सोडल्यावर त्या शेताचा मालक आपल्याबद्दल काय म्हणेल?

पुंडलीक वरदा हरी विठ्ठल. श्रीज्ञानदेव तुकाराम.